'द टॅलोस प्रिन्सिपल' : कोडी आणि तत्त्वज्ञान यांची गाठ नेमकी कुठे पडते?

अर्धविराम

क्रोएशियातील झाग्रेब येथील क्रोटीम या कंपनीने तयार केलेला 'द टॅलोस प्रिन्सिपल' हा विज्ञानकथेवर बेतलेला कोड्यांचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. एप्रिल २०२५ मध्ये त्याची नव्याने घडवलेली आवृत्ती निघाल्यापासून त्याच्याविषयी पुन्हा बोलले जाऊ लागले आहे. मात्र बहुतेक ठिकाणी 'विचार करायला लावणारा गेम' एवढ्यावरच बोलणे आटोपते. हा गेम कोणत्या जागी खरोखर विचार करायला लावतो आणि कोणत्या जागी केवळ विद्वत्तेचा आव आणतो, हे तपासून पाहावे म्हणून हा धागा काढला आहे. शेवटांविषयी उघडपणे लिहिले आहे, तेव्हा ज्यांना रसभंग नको असेल त्यांनी गेम संपवून मगच पुढे वाचावे.

रचना थोडक्यात अशी. खेळाडू एका यंत्रमानवाच्या रूपात भग्न ग्रीक-रोमन वास्तूंच्या बागेत जागा होतो आणि आकाशवाणी होते. एलोहिम नावाचा तो आवाज सांगतो, की ही बाग तुझ्यासाठीच निर्मिली आहे, कोडी सोडव, मुद्रा गोळा कर, म्हणजे तुला अमरत्व मिळेल. फक्त त्या मनोऱ्यावर चढू नकोस. पुढे इजिप्तची वाळू आणि मध्ययुगीन युरोपातले किल्ले ओलांडताना जागोजागी ठेवलेल्या संगणकांवरून आणि ध्वनिफितींवरून खरी हकिगत तुकड्यातुकड्यांनी हाती लागते. युगानुयुगे गोठलेली जमीन हवामानबदलामुळे वितळली, तिच्यात दबलेला विषाणू मोकळा झाला आणि मानवजात संपत आली. तेव्हा अ‍ॅलेक्झांड्रा ड्रेनन आणि तिच्या सहकाऱ्यांनी उरलेल्या दिवसांत मानवी ज्ञानाचा साठा केला आणि त्याच्यासोबत एक आभासी जग सुरू करून ठेवले. त्या जगात पिढ्यामागून पिढ्या तावूनसुलाखून निघाल्यावर एखादे कृत्रिम मन स्वतंत्रपणे विचार करू लागेल, अशी त्यांची आशा होती. खेळाडू म्हणजे त्या पिढ्यांपैकी एक.

कोड्यांविषयी बोलायचे तर गेमची साधने मोजकी आहेत आणि प्रत्येकाचे नियम लख्ख आहेत. सर्वांत साधे साधन जॅमरचे. तो दारावर रोखून ठेवला की दार उघडे राहते आणि उचलला की मिटते. आता दोन जॅमर तुमच्याजवळ आहेत, समोर एक दार आहे आणि दोन्ही जॅमर दाराच्या आत न्यायचे आहेत असे समजा. पहिला बाहेर ठेवून दार उघडावे, तर तो बाहेरच अडकतो, आणि उचलावा तर दार बंद होते. येथे नवखा खेळाडू हमखास थबकतो. युक्ती अशी, की पहिल्याने दार उघडे ठेवायचे, दुसरा घेऊन आत जायचे, तो आतून त्याच दारावर रोखायचा, मग निवांत बाहेर येऊन पहिला उचलायचा आणि आत यायचे. इतकी साधी गोष्ट. पण ती सुचल्याक्षणी पुढच्या किती तरी कोड्यांची किल्ली हाती येते. गेम कोणतीही युक्ती शब्दांत शिकवत नाही. खोलीची मांडणीच अशी करतो, की दुसरा मार्ग उरू नये. लेझर किरण पुढे धाडणारा कनेक्टर, एकमेकांना छेदताच तुटणारे लाल-निळे किरण, वस्तू हवेत भिरकावणारा पंखा, सगळीकडे हाच शिस्तशीरपणा दिसतो. एखाद्या खोलीच्या मांडणीत बदल केल्यावर ती सुटेनाशी तर झाली नाही ना, हे पाहण्यासाठी क्रोटीमने संपूर्ण गेम आपणहून खेळून दाखवणारा एक बॉट तयार केला होता. कोड्यांतला नेटकेपणा त्या मेहनतीतून आला असावा. 'सीरियस सॅम'सारख्या धडाधड गोळ्या झाडण्याच्या गेममुळे ओळखल्या जाणाऱ्या कंपनीकडून हे आले, याचे आश्चर्य मला आजही वाटते. जॅमरची कल्पना त्याच मालिकेच्या चौथ्या भागासाठी काही प्रयोग चालू असताना निघाली होती, हे तर आणखीच गमतीचे.

आता माझा मुख्य आक्षेप. गेमचे सांगणे असे आहे, की नुसती बुद्धी पुरेशी नाही. दिलेल्या चौकटीवर शंका घेता येणे हीच मनाची खरी कसोटी आहे. सर्व हिरव्या मुद्रा गोळा करून तुम्ही आज्ञाधारकपणे अनंताच्या दारातून आत गेलात, तर स्वातंत्र्याच्या चाचणीत तुम्ही नापास झाल्याची नोंद होते आणि पुढची पिढी पुन्हा त्याच बागेत जागी होते. कल्पना म्हणून हे उत्कृष्टच आहे. पण खेळाडू हातांनी काय करत असतो? जांभळ्या पडद्यांनी बंदिस्त केलेल्या खोलीत शिरायचे, तेथे ठेवलेली साधने तेथेच वापरायची, मुद्रा घेऊन बाहेर पडायचे. म्हणजे कथा बंडखोरी शिकवते आणि कोडी आज्ञापालन शिकवतात. मनोऱ्यावर चढण्यासाठीसुद्धा लाल मुद्रा मिळवाव्या लागतात, अर्थात तेवढीच निमूटपणे कोडी सोडवावी लागतात.

या विसंगतीला अपवाद फक्त ताऱ्यांचा. लपवून ठेवलेले तीस तारे मिळवायचे, तर एका खोलीतला किरण भिंतीवरून दुसऱ्या खोलीत न्यावा लागतो, किंवा बाहेर जाऊच नये अशी योजना असलेली वस्तू कशीबशी बाहेर काढावी लागते. खोलीची भिंत म्हणजे कोड्याची सीमा नव्हे, हे ज्या क्षणी उमगते, तो या गेममधला सर्वांत मोठा क्षण आहे, कारण तेथे कथा आणि कृती एक होतात. आणि नेमका हाच भाग ऐच्छिक ठेवला आहे. एकही तारा न घेता गेम संपवता येतो. 'पोर्टल' या कोड्यांच्याच दुसऱ्या गेममध्ये २००७ सालीच याचे उत्तर सापडले होते. तेथे शेवटच्या चाचणीनंतर खेळाडूला आगीत ढकलले जाते आणि चाचणीसाठी दिलेले यंत्र चाचणीच्या भिंतीपलीकडे वापरल्यावाचून सुटका होत नाही. चौकट सर्वांनाच मोडावी लागते. 'टॅलोस'ने ती संधी हौशी मंडळींपुरती राखून ठेवली.

उरलेल्या उणिवा लहान आहेत, तरी त्रास देणाऱ्या आहेत. स्वतःच्याच हालचाली ध्वनिमुद्रणासारख्या टिपून मग त्या प्रतिकृतीसोबत काम करण्याची कोडी कल्पनेत सुंदर आहेत. प्रत्यक्षात मात्र तोड सुचल्यानंतरही क्षणाची चूक झाली की सगळे पुन्हा टिपायचे, आणि प्रतिकृती दारापाशी येईस्तोवर ताटकळत उभे राहायचे. फिरते सुरुंग आणि बंदुका यांचे प्रयोजन मला कधीच पटले नाही. त्यांनी छातीत धडधड वाढते, कोडे अवघड होत नाही. दोन कोड्यांमधली पायपीट दृश्ये आणि दाम्यान म्राव्हुनात्सचे संगीत यांमुळे सुसह्य होते इतकेच.

नाठाळ

लेख आवडला, परंतु ताऱ्यांविषयीचा आपला युक्तिवाद अर्ध्यावर सोडलेला आहे. सगळे तारे जमवल्यावर काय हाती लागते, हे आपण सांगितलेच नाही. ताऱ्यांनी उघडणाऱ्या दारांमागे राखाडी मुद्रा मिळतात आणि त्या सर्व मिळवणाऱ्याला एलोहिमचा दूत होता येते. म्हणजे ज्याने प्रत्येक भिंत ओलांडली, बागेतला कानाकोपरा धुंडाळला, त्याला अखेरीस त्याच बागेची चाकरी मिळते आणि पुढच्या पिढ्यांना तो सूचना देत बसतो. भिंती ओलांडणे हीच खरी बंडखोरी, असे लेखकद्वयाला म्हणायचे असते, तर त्यांनी हे बक्षीस ठेवले नसते. माझ्या वाचनाप्रमाणे गेम येथे अतिशय तिरकस गोष्ट सांगतो आहे. व्यवस्थेतल्या सगळ्या पळवाटा ज्याला पाठ असतात, तो व्यवस्था मोडत नाही. तो तिच्यातला सर्वांत उपयोगी माणूस होतो. आपल्या कचेऱ्यांतून असे दूत पुष्कळ भेटतात.

लेखनाची बाजू टॉम ज्युबर्ट आणि जोनास किराट्झेस यांनी सांभाळली आहे, आणि त्यांच्या कामातला वादाचा भाग म्हणजे मिल्टन. आपण त्याला हातच लावला नाही, याचे नवल वाटले. संगणकावर भेटणारा हा ग्रंथपाल आधी 'तुम्ही मनुष्य आहात हे सिद्ध करा' म्हणून एक अर्ज भरून घेतो आणि मग आपलीच उत्तरे आपल्यावर उलटवतो. मनुष्यत्व कशात आहे, या प्रश्नावर आपण जाणिवेचा पर्याय निवडला तर तो बेडकाचे काय म्हणून विचारणार. तर्काचा निवडला तर स्वतःकडे बोट दाखवणार. प्रथम मजा येते. पुढे लक्षात येते, की जे उत्तर आपल्याला द्यायचे आहे ते यादीत नाहीच. तीन पर्याय समोर ठेवायचे, त्यांपैकी एक निवडायला लावायचे आणि मग 'तुमच्या विचारांत विसंगती आहे' असे ऐकवायचे, याला संवाद म्हणत नाहीत. वकिलांच्या उलटतपासणीत निदान 'मला माहीत नाही' म्हणायची मुभा असते.

त्रिज्या

मी कोड्यांच्या एका दुर्लक्षित प्रकाराबद्दल लिहिते. गोळा केलेल्या मुद्रा चार-चार चौकोनांच्या बनलेल्या असतात, आणि दार किंवा नवे साधन मिळवण्यासाठी त्या एका आयतात फट न ठेवता बसवाव्या लागतात. बहुतेक खेळाडूंना हा वेळकाढूपणा वाटतो, आणि शेवटी शेवटी, तुकडे वाढल्यावर, तो तसा होतोही. तर्काने पुढे सरकण्याऐवजी तुकडे फिरवत बसणे एवढेच उरते.

परंतु सुरुवातीच्या आयतांत गणिताची एक सुरेख गोष्ट दडलेली आहे. आयताचे चौकोन आलटूनपालटून काळे आणि पांढरे रंगवले आहेत असे समजा. चौकोनांची एकूण संख्या सम असल्यामुळे काळे आणि पांढरे समान असणार. आता 'टी' आकाराचा तुकडा सोडून उरलेला कोणताही तुकडा कसाही ठेवला तरी दोन काळे आणि दोन पांढरे चौकोन झाकतो. 'टी'चा तुकडा मात्र एका रंगाचे तीन आणि दुसऱ्याचा एकच झाकतो. म्हणून आयत पूर्ण भरायचा असेल तर 'टी' तुकड्यांची संख्या सम असलीच पाहिजे, आणि त्यांतल्या निम्म्यांनी काळे अधिक झाकले तर निम्म्यांनी पांढरे अधिक झाकले पाहिजेत. दोनच 'टी' असतील, तर पहिला ठेवताक्षणी दुसऱ्याच्या निम्म्या जागा बाद होतात. नववीच्या मुलांना हे फळ्यावर दाखवले, तर घंटा झाली तरी वर्ग उठत नाही, हा माझा अनुभव आहे. गेमने या गुणाचा काहीच उपयोग करून घेतला नाही. जॅमरच्या खोल्यांत जी शिकवण्याची हातोटी दिसते, तिचा येथे मागमूस नाही, आणि माझ्या मते सुरुंगांपेक्षा ही उणीव मोठी आहे.

नाठाळ यांच्या दूताबद्दलच्या मुद्द्याशी मात्र मी सहमत आहे.

वळचण

शीर्षकातल्या तत्त्वाविषयी कोणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. टॅलोस हा ग्रीक पुराणकथेतला क्रीट बेटाची राखण करणारा काशाचा राक्षस. त्याच्या देहातून एकच शीर गेलेली होती आणि तिच्यातला द्रव वाहून गेल्यावर तो मेला. गेममध्ये स्ट्रॅटन नावाचा एक काल्पनिक ग्रीक तत्त्वज्ञ या कथेवरून असे मांडतो, की टॅलोस यंत्र असूनही द्रवाविना मेला, माणूसही रक्ताविना मरतो, तेव्हा कितीही श्रद्धाळू तत्त्वज्ञ असला तरी त्याला रक्तावाचून जगता येत नाही. विचार करणारी वस्तू कशाचीही बनलेली असो, ती जडाचीच बनलेली असते.

हे वाचताना चार्वाक आठवल्याशिवाय राहत नाही. चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त त्यांचे मत दिले आहे, की किण्वापासून, म्हणजे मद्य आंबवणाऱ्या पदार्थापासून, जशी मादकता उपजते, तसे पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांच्या मिश्रणातून चैतन्य उपजते. साम्य दाखवून 'आमच्याकडे हे आधीच होते' असे म्हणण्याचा माझा हेतू मुळीच नाही. मला वेगळी गोष्ट लक्षणीय वाटते. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ लुप्त झाले आणि त्यांचे म्हणणे प्रामुख्याने त्यांना खोडून काढणाऱ्यांच्या पोथ्यांतून आपल्यापर्यंत आले. गेममधला स्ट्रॅटनही असाच, खराब झालेल्या फायलींतून, मध्येच अर्थहीन आकडे घुसलेल्या उताऱ्यांतून भेटतो. जडवाद्याचे म्हणणे जड माध्यमाच्या झिजेसकट वाचायला लागणे, ही मांडणी मिल्टनच्या सगळ्या प्रश्नावलीपेक्षा अधिक बोलकी आहे. गेमचे तत्त्वज्ञान जेथे प्रश्न विचारत नाही, फक्त समोर ठेवते, तेथे ते सरस ठरते.

एक तक्रार मात्र नोंदवतो. हा साठा 'मानवजातीचा' म्हणून सांगितला जातो, पण तीन जगे पाहा : ग्रीस-रोम, इजिप्त आणि ख्रिस्ती युरोप. उताऱ्यांचा कलही प्रामुख्याने तिकडेच आहे. क्रोएशियातल्या कंपनीने आपल्या परसातला इतिहास वापरावा यात गैर काही नाही. तसे असेल तर 'मानवजात' हा शब्द थोडा जपून वापरायला हवा होता.

अर्धविराम

नाठाळ, दूताचा मुद्दा मान्य. त्याने माझे म्हणणे सौम्य होण्याऐवजी धारदार होते असे मला वाटते. गेममध्ये तीन शेवट आहेत. आज्ञाधारकाला पुनर्जन्म, शोधकाला चाकरी आणि बंडखोराला देह. बंडखोर मनोऱ्याच्या टोकाशी पोहोचतो, आभासी जग पुसले जाते आणि त्याचे मन खऱ्या पृथ्वीवरच्या यंत्रदेहात उतरते. प्रश्न असा, की या तिसऱ्या वाटेवर खेळाडूकडून शोधकापेक्षा वेगळे असे काय करवून घेतले? 'चढू नकोस' म्हटलेल्या जिन्यावर पाय ठेवणे, एवढेच. व्हिडिओ गेम खेळणारा कोणताही मनुष्य ज्या जिन्यावर चढू नको म्हणतात तेथेच आधी जातो. ते बंड नाही, ती सवय आहे.

मनोऱ्याच्या शेवटच्या टप्प्याला मात्र मी पूर्ण गुण देतो, आणि मूळ लेखात ते लिहायला हवे होते. आधीच्या पिढ्यांतल्या ज्या यंत्रमानवांचे संदेश इतका वेळ भिंतींवर क्यूआर कोडच्या रूपात वाचले, त्यांपैकी शेफर्ड आणि संसारा हे दोघे तेथे प्रत्यक्ष भेटतात. एक वाट मोकळी करून देतो, दुसरा अडवतो, आणि एलोहिमचा स्वर आज्ञेवरून विनवणीवर येतो. संपूर्ण गेममध्ये आपण एकटे असतो आणि अचानक कोड्यात दुसऱ्याची इच्छा शिरते. वर चढण्याला तेथे प्रथमच किंमत असल्यासारखे वाटते. हे अखेरच्या अर्ध्या तासासाठी का राखून ठेवले, हे मला कळत नाही.

त्रिज्या, 'टी'ची गोष्ट माहीत नव्हती. नव्या आवृत्तीत ती वापरून पाहीन.

सह्यकडा

अर्धविराम यांना हवे असलेले बरेचसे 'रोड टू गेहेना' या २०१५ सालच्या पुरवणी भागात आहे, असे मी म्हणेन. तेथे खेळाडू उरिएल नावाच्या यंत्रमानवाच्या रूपात कैदेत टाकलेल्या यंत्रमानवांना सोडवायला जातो. त्या कैद्यांनी एकमेकांशी बोलण्यासाठी संगणकावर एक चर्चापीठच उभे केलेले असते. त्यावर ते कथा लिहितात, चिन्हांची चित्रे काढतात, शब्दांवर चालणारे छोटे खेळ रचून एकमेकांना देतात, एकमेकांवर रुसतात. जगाविषयी त्यांना काहीच माहीत नाही, फक्त साठ्यातले तुकडे वाचलेले, आणि त्यावरून माणसे कशी असतील याचे अंदाज बांधणे चालू असते. मिल्टनच्या पर्यायांच्या जाचातून येथे सुटका होते, कारण कोणी आपल्याला मत विचारत नाही, आपण एका वस्तीत राहायला आलेले असतो. कोडी मूळ गेमपेक्षा अवघड आहेत, हे ध्यानात ठेवूनच सुरुवात करावी. २०२५ च्या आवृत्तीत हा भाग सोबत मिळतो, शिवाय आभासी जगाच्या आरंभावरचे एक नवे प्रकरणही जोडले आहे.

दुसरा भाग नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. तेथे यंत्रमानवांचे नगर आहे, हजारावा नागरिक जन्माला आलेला आहे आणि लोकसंख्या याहून वाढू द्यावी की नाही, यावर नागरिकांत मतभेद आहेत. या धाग्यावरच्या दोन तक्रारी तेथे दूर झाल्या आहेत : हालचाली टिपण्याचे यंत्र नाही आणि सुरुंगही नाहीत. त्यांच्या जागी भिंतीला भोक पाडणारे यंत्र, दोन रंगांचे किरण घेऊन तिसरा रंग देणारे यंत्र अशी नवी साधने आली. कोडी मात्र सोपी झाली. प्रत्येक साधनाची ओळख होते न होते, तोच पुढचे बेट येते.

ताऱ्यांच्या बाबतीत तर दुसऱ्या भागाने वेगळीच वाट धरली. तेथे ते तीन प्रकारच्या स्मारकांपाशी मिळतात. प्रोमिथियसच्या पुतळ्यासाठी एक ठिणगी शोधून तिचा पाठलाग करायचा, स्फिंक्ससाठी उखाणा सोडवायचा आणि पँडोरासाठी खोल्यांमधले किरण भिंतीपलीकडे काढून पुतळ्यापर्यंत न्यायचे. पहिल्या दोहोंत शोधाशोध आहे, भटकंती आहे, क्वचित कंटाळाही आहे. अर्धविराम यांनी वर्णन केलेला भिंत ओलांडण्याचा क्षण फक्त पँडोरापाशी शिल्लक राहिला आहे. तेथेही पुतळा लांबूनच दिसतो आणि होकायंत्र तिकडे बोट दाखवत असते, त्यामुळे भिंतीपलीकडे काही आहे हे आधीच ठाऊक असते. पहिल्या भागात ते कोणी सांगत नव्हते.